पोपटाला मिरची झोंबत का नाही?

पोपट लवंगी मिरची अशी आरामात कुरतडतो की जणू काकडीच, आणि त्याच मिरचीचा एवढासा तुकडा आपल्या दाताखाली आला की नाकाडोळ्यातून पाणी. मला लहानपणी वाटायचं त्याला सवय झाली असेल, नाहीतर त्याची जीभ जाड असेल. तसं काही नाहीये. त्याला ते तिखट कळतच नाही.

मुळात तिखट ही चवच नाही. आपल्या षड्रसांत तिखट आहे (तिथे त्याला कटु म्हणतात आणि कडूला तिक्त; मराठीतला कडू हा शब्द मात्र कटुवरूनच आलाय), पण जिभेवरच्या स्वादकलिकांना कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांस, मशरूम यांतली रसदार चव). तिखट कळतं ते भाजणं, दुखणं सांगणाऱ्या नसांना. या नसा अंगभर आहेत, म्हणूनच मिरच्या चिरल्यावर हात तासन्‌तास भगभगतात, आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला तर काय होतं ते ठेचा करणाऱ्या कुणालाही विचारा.

हे नेमकं कसं होतं ते १९९७ साली शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या लॅबने शोधलं, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. नसेच्या टोकावर टीआरपीव्ही१ नावाचं प्रोटीन असतं, ते दारासारखं काम करतं, साधारण ४३ अंशांच्या वर गरम काही लागलं की उघडतं आणि मेंदूला निरोप जातो की भाजतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन याच दाराला चिकटून ते उघडतं. म्हणजे तोंडाला आग लागली असं आपण म्हणतो तेव्हा मेंदूला खरंच तसंच कळलेलं असतं, फक्त आग नसते. आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून कितीही पाणी प्या, फरक पडत नाही, दूध किंवा दही बरं.

मग पक्ष्यांचं काय? त्यांच्याकडेही हे दार आहे. २००२ मध्ये ज्युलियस यांच्याच लॅबने कोंबडीचं प्रोटीन तपासलं तर ते उष्णतेला उघडत होतं, कॅप्सेसिनला ढिम्म. प्रोटीनच्या रचनेत थोडासा फरक, बस.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो मिरचीच्या बाजूचा. अमेरिकेतल्या ॲरिझोनात रानमिरच्यांवर जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी २००१ मध्ये काम प्रसिद्ध केलं. तिथले उंदीर तिखट मिरच्यांना तोंड लावत नव्हते, थ्रॅशर नावाचे पक्षी मात्र मजेत खात होते. मग त्यांनी उंदरांना मुद्दाम बिनतिखट मिरच्या खायला दिल्या, तर त्यांच्या पोटातून बाहेर आलेलं एकही बी रुजलं नाही, कारण उंदीर बिया चावून टाकतो. पक्ष्याला दात नाहीत, तो फळ अख्खं गिळतो आणि बी दुसरीकडे कुठेतरी धडधाकट टाकतो. म्हणजे झाडाने तिखटपणाने नको त्याला अडवलं आणि हवा त्याला वाट मोकळी ठेवली, तीही एकाच रसायनाने!

अर्थात तेवढंच कारण नाही. बोलिव्हियात एकाच जातीच्या रानमिरचीची काही झाडं तिखट, काही बिनतिखट असतात, आणि किडे जिथे फळांना जास्त भोकं पाडतात, त्यातून बुरशी आत शिरते, तिथे तिखट झाडं जास्त सापडतात. कॅप्सेसिन त्या बुरशीलाही रोखतं. ते बनतं बियांत नाही, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात, अगदी राखणीच्या जागी.

पोपटाबद्दल एक सांगायचं राहिलंच. तो फळ गिळत नाही, चोचीने बी फोडून आतला गर खातो, म्हणजे झाडाच्या दृष्टीने तोही उंदरासारखाच. मिरचीला हवा असतो फळं अख्खी गिळणारा पक्षी, आपल्याकडे म्हणायचं तर बुलबुल वगैरे. पोपट नुसता पक्षी असल्यामुळे सुटलाय.