चष्म्याचा नंबर अंधारात कसा सापडतो

चष्म्याच्या दुकानावर 'येथे कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील' ही पाटी हमखास असते. हनुवटी टेकवायची, आतल्या चित्रातल्या फुग्याकडे बघायचं, की दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर! झालं, नंबर निघाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ती चिठ्ठी म्हणजे एक अंदाज. मोठ्यांच्या बाबतीत बहुधा चांगला, लहान मुलांच्या बाबतीत कधीकधी चांगलाच फसलेला.

फसतो, कारण डोळ्यातलं भिंग स्वस्थ बसत नाही. जवळचं बघायचं म्हटलं की ते फुगतं आणि त्याची शक्ती वाढते. दहा वर्षांचं मूल ती दहा डायॉप्टरहून अधिक वाढवू शकतं. पन्नाशीत जेमतेम एक-दोन उरतात, म्हणून तर चाळिशी लागते. (डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त, शाळेत शिकलोय आपण.) यंत्रातला फुगा रस्त्याच्या पार टोकाला दाखवलेला असतो, पण यंत्र नाकासमोर आहे हे मेंदू विसरत नाही. मूल नकळत जवळ बघतं आणि नसलेला मायनस नंबर छापून येतो. यावर उपाय म्हणून यंत्र फुगा आधी मुद्दाम धूसर करतं, भिंग सैल पडावं म्हणून. मुलांत त्याचाही भरवसा नाही. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर ॲट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट या औषधांचे थेंब घालून डोळ्याचा स्नायू तात्पुरता सैल करतात आणि रेटिनोस्कोप हातात घेतात.

हे उपकरण माझं फार लाडकं आहे. एक दांडा, डोक्याशी दिवा आणि मध्ये बारीक भोक असलेला आरसा, बस्स. त्यामागची पद्धत फर्डिनां क्युन्ये या फ्रेंच लष्करी नेत्रवैद्याने 1873 मध्ये मांडली. रुग्णाला काहीच विचारावं लागत नाही; तान्ह्या बाळाचाही नंबर काढता येतो.

खोलीत अंधार करतात. तपासणारा सुमारे 67 सेंटिमीटरवर बसून प्रकाशाची एक पट्टी रुग्णाच्या बाहुलीवरून हळूच सरकवतो. प्रकाश आत दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, पडतो, तिथून परततो आणि बाहुली लालसर उजळते. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल दिसतात, तोच हा उजेड. आता गंमत बघा. दृष्टिपटलावरून निघालेले किरण डोळ्याच्या भिंगातून बाहेर येऊन कुठेतरी एकत्र येणार. मायनस नंबर बऱ्यापैकी असेल तर ते तपासणाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच एकमेकांना छेदतात, म्हणून पट्टी उजवीकडे नेली की बाहुलीतला उजेड डावीकडे पळतो. किरण तपासणाऱ्याच्या मागे जाऊन मिळत असतील किंवा मिळतच नसतील, तर उजेड पट्टीबरोबरच सरकतो. नंबर मोठा असेल तर हा उजेड मंद आणि सुस्त दिसतो. योग्य भिंगाच्या जवळ येऊ तसा तो तेजस्वी आणि चपळ होत जातो.

मग ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे भिंगं बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात, एकेक भिंग घालत जायचं. उजेड उलटा पळत असेल तर मायनस, बरोबर सरकत असेल तर प्लस. एका क्षणी सरकणं थांबतं: बाहुली एकदम अख्खी उजळते, एकदम अख्खी विझते. किरण आता नेमके तपासणाऱ्याच्या डोळ्यात मिळताहेत. पण रुग्णाला 67 सेंटिमीटरवरचं नाही, लांबचं स्पष्ट दिसायला हवंय. म्हणून त्या अंतराचे दीड डायॉप्टर वजा करायचे. उणे अर्ध्यावर उजेड थांबला, तर नंबर उणे दोन.

सिलिंड्रिकल नंबर असेल तर हेच दोन दिशांनी करावं लागतं, कारण पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक सगळीकडे सारखा नसतो. आडवी पट्टी वर-खाली फिरवून उणे दीडवर थांबली, उभी पट्टी डावी-उजवी फिरवून उणे अर्ध्यावर. दोन्हींतून दीड वजा केले की उणे तीन आणि उणे दोन. चिठ्ठीवर लिहायचं: गोल उणे दोन, सिलिंडर उणे एक, ॲक्सिस 180. (उभ्या दिशेला शक्ती जास्त लागतेय, तरी ॲक्सिस आडवा कसा? सिलिंडरच्या अक्षाच्या दिशेने शक्ती शून्य असते, ती असते अक्षाला काटकोनात.)

'चष्मा घालवा' छापाचे थेंब, व्यायाम आणि व्हॉट्सॲपवरचे नुस्खे यांच्याबद्दल एवढंच सांगतो. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण 24 मिलिमीटर. ती एक मिलिमीटरने वाढली की अडीच-तीन मायनस नंबर येतो. डोळे गरागरा फिरवून हा लांबलेला गोळा आखूड होत नाही. उगवत्या सूर्याकडे टक लावणारे तर दृष्टिपटल भाजून घ्यायचा धोका पत्करतात.

अंधारात नंबर सापडला की मग रुग्णाला बोलकं करायचं. समोर अक्षरांचा तक्ता, मूळचा 1862 मधला, उट्रेख्टच्या हर्मान स्नेलेन यांचा. 6/6 च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून वाचायचं, त्याची उंची नऊ मिलिमीटरहूनही किंचित कमी. 'हे बरं की ते बरं?' विचारत पाव-पाव नंबर इकडेतिकडे करायचा. शेवटी लाल-हिरवा फळा. लाल प्रकाश कमी वळतो, हिरवा जास्त. लालवरची अक्षरं ठळक दिसली तर मायनस थोडा कमी पडलाय, हिरव्यावरची ठळक दिसली तर जास्त झालाय. मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल, तर ती स्थिरावेपर्यंत नवा चष्मा न करणंच शहाणपणाचं, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो.

कधीकधी पट्टी फिरवताना बाहुलीत उजेडाच्या दोन पात्या दिसतात, कात्रीसारख्या उघडतात, मिटतात. किती भिंगं बदलली तरी उजेड एकसंध होत नाही. कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर याचा फक्त एक भलामोठा सिलिंडर उमटतो. रेटिनोस्कोप हातात असलेला माणूस मात्र तिथेच थांबतो आणि केराटोकोनस, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, आहे का हे बघायला रुग्णाला पारपटलाच्या स्कॅनसाठी पाठवतो.