बालकलाकाराच्या शूटिंगची परवानगी: अर्ज कोणी करायचा आणि तो कुठे अडतो

चौदा वर्षं पूर्ण न झालेलं मूल मालिकेत, सिनेमात, जाहिरातीत किंवा रिअ‍ॅलिटी शोमध्ये काम करणार असेल, तर शूटिंग सुरू होण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती मागायची निर्मात्याने, आईवडिलांनी नव्हे. हे आधी सांगावं लागतं, कारण ‘बालकलाकाराचं सरकारी कार्ड काढून देतो’ असं सांगून पालकांकडून पैसे घेणारे लोक आहेत. या कायद्यात पालकांनी काढायचं असं कुठलंही कार्ड किंवा लायसन्स नाही. तसं कोणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.

कायदा १९८६ चा, बाल व किशोरवयीन कामगारांबाबतचा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली आणि कलाकारांना त्यातून सवलत दिली. मात्र शाळेचं नुकसान होता कामा नये, ही अट घालून. परवानगीची पद्धत २०१७ साली सुधारलेल्या नियमांत आहे. निर्माता फॉर्म सी मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव देतो. जास्तीत जास्त पाच मुलांमागे अशी एक व्यक्ती हवी. हा भाग सरळ आहे.

अडतं ते जिल्ह्यापाशी. परवानगी द्यायचा अधिकार जिथे शूटिंग होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तुम्ही राहता कुठे, निर्मात्याचं ऑफिस कुठे, याला अर्थ नाही. ‘मुंबईत शूटिंग’ एवढ्यानेही भागत नाही, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. गोरेगावची चित्रनगरी उपनगर जिल्ह्यात येते, मीरा रोडचा सेट ठाणे जिल्ह्यात, नायगावचा पालघरमध्ये. मालिकेचं युनिट मध्येच साताऱ्याला किंवा कोल्हापूरला गेलं की तिथली परवानगी वेगळी. लोकेशनची परवानगी मिळाली म्हणजे मुलांचीही मिळाली, असं प्रॉडक्शनची माणसं बिनधास्त सांगतात. ते खरं नाही. पहिल्या दिवशी मुलाला सेटवर नेण्याआधी परवानगीची प्रत मागा आणि त्यावर जिल्हा कोणता, मुलाचं नाव यादीत आहे का, हे स्वतः वाचा. ‘कागद येतोय, तोवर दोन सीन उरकू’ याला स्पष्ट नाही म्हणा. पालकांना शिक्षेतून सूट आहे असं सांगितलं जातं, पण नियम मोडून पैशांच्या कामाला मूल पाठवलं तर ती सूट राहत नाही. निर्मात्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा घोळ मुदतीचा. हमीपत्र सहा महिनेच चालतं. मालिका वर्षानुवर्षं चालते, मुलाची भूमिका वाढत जाते आणि फाईल मात्र पहिल्या महिन्यातलीच राहते. कागदावरची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पाचव्या महिन्यातच नव्या हमीपत्राची आठवण करा. सत्तावीस दिवसांचा आकडाही असाच चुकीचा वाचला जातो. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम करवून घेता येत नाही, असा तो नियम आहे. महिन्याला सत्तावीस दिवस मूल द्यायचं, असा त्याचा अर्थ नाही. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग तीन तासांपुढे विश्रांतीशिवाय नाही. मेकअपला आणि ताटकळण्यात गेलेला वेळ या पाच तासांत धरायचा, हे करारातच लिहून घ्या. सेटवर त्यावरूनच वाद होतात, आणि तोपर्यंत मूल झोपेला आलेलं असतं.

पालकांकडून अपुरा निघणारा कागद म्हणजे जन्मदाखला. कित्येक दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधीची असते. नाव नंतर घालता येतं, पण ऐन शूटिंगच्या आठवड्यात नाही. ऑडिशनला जायला लागलात की तेव्हाच घालून घ्या. यादीत पडद्यावरचं किंवा घरचं लाडाचं नाव देऊ नका, आधारवर आहे तेच द्या. शाळेचं पत्र नियमात स्वतंत्रपणे सांगितलेलं नाही. तरी अभ्यास खंडित होऊ न देण्याची हमी निर्मात्याला द्यावी लागते, तेव्हा मुख्याध्यापकांचं पत्र आधीच घेतलेलं बरं. आणि कराराबाबत: अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार आपल्याकडे कायद्याने रद्दबातल असतो, त्यामुळे पालक म्हणून सही तुमचीच असते. प्रत्येक पान वाचूनच ती करा.

पैशांबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे मुलाचं जे नुकसान होतं ते नंतर भरून निघत नाही. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवेत. खासगी बँक चालत नाही. आईच्या खात्यात आले आणि मग तिने बाजूला काढले, हेही चालत नाही. ही रक्कम मुलाला सज्ञान झाल्यावर मिळते. मुलाच्या नावाचं बँक खातं आधी उघडून ठेवा. ते नसल्यामुळेच ‘सध्या तुमच्याच खात्यात टाकतो’ असं सुरू होतं आणि तसंच चालू राहतं. ठेवीच्या पावतीची प्रत दर वेळी मागा.

मुलाचं पॅनही लागेल. मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेलं मानधन आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जात नाही, त्याचं प्राप्तिकर विवरणपत्र मुलाच्या नावाने भरायचं असतं. ठेवीवरचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. ते दाखवायचं राहिलं की नोटीस येऊ शकते. अज्ञान मुलाच्या पॅनवर फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर अर्ज करून ती घालून घ्यावी लागते.