बाळंतिणीचा आहार

प्रसूतीनंतर सव्वा ते दीड महिना आईला मुद्दाम दिला जाणारा पौष्टिक आहार. बोलण्यात याला ‘बाळंतिणीचा खुराक’ म्हणतात. शरीराची झीज भरून यावी, अंगावर दूध यावे आणि पोटात वात धरू नये, असे त्याचे तीन हेतू सांगितले जातात. ही मुदत जुनी आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या शारीरस्थान या भागात सूतिकेने, म्हणजे बाळंतिणीने, दीड महिना पथ्य पाळावे असे म्हटले असून, काहींच्या मते पुन्हा पाळी येईपर्यंत ती सूतिकाच राहते, अशी पुस्तीही तिथे जोडली आहे.

पहिले काही दिवस मऊ भात, वर तूप, मेतकूट, लसणाची फोडणी दिलेले मुगाचे कढण. मग बाजरीची भाकरी, शेपू आणि मेथीची भाजी. खरा मान मात्र लाडवांचा. डिंकाचा लाडू म्हणजे तुपात फुलवलेला डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस, गूळ. ऐपतीप्रमाणे बदाम आणि गोडंबी. गंमत अशी की ज्याच्या नावाने लाडू ओळखला जातो तो डिंक मुख्यतः तंतुमय पदार्थ आहे. ताकद येते ती तूप, खोबरे आणि सुक्या मेव्यातून. अहाळिवाचा लाडू ओल्या नारळात आणि गुळात होतो, त्याची खीरही करतात. जेवणानंतर ओवा, बडीशेप आणि बाळंतशेपा. या शेवटच्या शब्दातच त्याचा उपयोग सांगून झाला आहे. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला प्रसादाला सुंठवडा असतो, तोही याच खुराकातला: देवाचा जन्म झाला म्हणजे कौसल्या, देवकी बाळंतीण झाल्याच.

कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज आणि मुडदुशांचे पातळ कालवण देतात. हा मासा पचायला हलका मानतात. दूध वाढावे म्हणून मोरी, म्हणजे लहान शार्क, देण्याचीही चाल आहे. ती मात्र सोडून द्यावी, कारण शार्कच्या मांसात पारा साठतो आणि स्तनदा मातांनी शार्क टाळावा असाच सल्ला आज दिला जातो.

आजच्या आहारशास्त्राच्या मापाने पाहिले तर खुराकामागचा मुख्य अंदाज बरोबर ठरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात. बाळ पूर्णपणे अंगावर पीत असताना पहिले सहा महिने त्यात ६०० ची भर पडते. पुढच्या सहा महिन्यांत ही भर ५२० असते. प्रथिनांची गरज सुरुवातीला सुमारे १७ ग्रॅमने वाढते. लोहाचे गणित मात्र उलटे आहे: एरवी २९ मिलिग्रॅम, दूध पाजताना २३, कारण या काळात बहुधा पाळी बंद असते. तरीही बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या देतात. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी असते आणि प्रसूतीत रक्त जाते ते वेगळेच.

आईच्या ताटात कॅल्शियम कमी असले तरी दुधात ते फारसे कमी होत नाही. ते आईच्या हाडांतून काढले जाते. बहुतेक ब जीवनसत्त्वांचे तसे नाही. आईत बी-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरते. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत लाडवांनी डबे भरलेले असूनही बाळाला ही कमतरता होऊ शकते, कारण बी-१२ डिंकात, मेथीत किंवा अहाळिवात नसते. दूध-दही थोडीफार भर घालते, पण ती पुरेलच असे नाही. रक्त तपासून गरजेप्रमाणे गोळी घ्यावी लागते. मेथी आणि शतावरीने दूध वाढते या समजाला भक्कम आधार अजून मिळालेला नाही. दूध वाढते ते बाळ वारंवार पाजल्याने.

खुराकापेक्षा पथ्यांनीच नुकसान जास्त होते. डाळी वातूळ, फळे थंड म्हणून बंद, पाणीही मोजून. तहान मारून बाळाला पाजणारी आई थकते आणि बद्धकोष्ठाने हैराण होते, सिझेरियनचे टाके असतील तर विशेषच.

मुळात हा आहार शेतात, जात्यावर राबणाऱ्या, उपासमारीला जवळ असणाऱ्या बाईसाठी बेतलेला दिसतो. आज तोच डबा गरोदरपणी मधुमेह झालेल्या शहरातल्या मुलीकडे जातो. तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो आणि बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत तिची साखर पुन्हा तपासायची असते. तिला गूळ-तुपाच्या लाडवांपेक्षा उसळ, भाकरी, अंडे, पालेभाजी उपयोगी, आणि मूठभर दाणे. आई-सासूबाईंना हे पटवणे हा पथ्याचा सगळ्यात अवघड भाग.

दुसऱ्या टोकाला आदिवासी पाड्यावरची, पंधरा दिवसांत कामावर जाणारी आई. तिच्यापर्यंत लाडू पोचतच नाही. माहेरचा खुराक बहुधा पहिलटकरणीलाच मिळतो. तिसऱ्या खेपेला, त्यातून मुलगी झाली तर, तो आपोआप आखडतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी रोज ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा पूरक आहार ठरलेला आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. तिच्यात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला एक वेळचे पूर्ण गरम जेवण अंगणवाडीत मिळते. पूरक आहाराचे घरी नेलेले पाकीट घरच्या सगळ्यांत वाटले जाते. अंगणवाडीत बसून जेवलेले आईच्याच पोटात जाते.