उलट्या गाण्यातला ‘गुप्त संदेश’

‘रॉक अल्बमची तबकडी उलटी फिरवली की सैतानाचे संदेश ऐकू येतात आणि ते नकळत मनाचा ताबा घेतात,’ हा समज जुना आहे. 1966पासून काही कलाकारांनी मुद्दाम उलटे आवाज वापरले, हे खरंच. पण असा तुकडा सुलट वाजतानाच विचित्र, ओढल्यासारखा लागतो. एरवी अस्पष्ट आवाजात शब्द शोधतो तो आपला मेंदू, आणि यात कमीपणा काहीच नाही. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगांत ऐकणाऱ्यांना उलट्या वाक्यांचा अर्थ कळला नाही; संशोधकांनी आधी सुचवलेले शब्द मात्र बहुतेकांना ‘ऐकू आले’. तपासायचं तर ऑडिओ एडिटरमध्ये गाणं उलटं करा, ‘गुप्त संदेशा’चा मजकूर न दाखवता चौघांना एकेकट्याने ऐकवा आणि प्रत्येकाने लिहिलेलं ताडून पाहा.