तुरीचा दाणा आणि चिमूट

यवतमाळकडच्या खेड्यात माघाच्या उन्हात ओसरीवर आजी सुपात तूर पाखडत बसते, तेव्हा सतरंजीवर सोडलेले नऊ-दहा महिन्यांचे नातवंड रांगत येऊन सुपाबाहेर उडालेला एकच दाणा अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत अलगद धरते. याच बाळाने पाच महिन्यांचे असताना सगळी मूठ दाण्यावर आपटली असती आणि दाणा तिथेच राहिला असता.

जन्मल्याबरोबर तळहातात बोट दिले की बाळ ते घट्ट आवळते. घरातली माणसे याला माया म्हणतात. परंतु ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असून ती गर्भातच, साधारण 16व्या आठवड्यापासून, दिसू लागते. मेंदूच्या बाह्यकाकडून, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थराकडून, मज्जारज्जूकडे येणारे मार्ग जसजसे पक्व होतात, तसतशी ही आपोआपची पकड चार ते सहा महिन्यांत ओसरते आणि हात बाळाच्या इच्छेनुसार चालू लागतो.

हात वस्तूपर्यंत नेण्यासाठी बाळाला तो आधी दिसावा लागतो, असा पूर्वी समज होता. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ रेचल क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी बाळांना काळोखात चमकणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या वस्तू दाखवल्या. स्वतःचा हात दिसत नसतानाही बाळांनी त्या वस्तूंकडे हात नेला, आणि तोही उजेडात नेतात जवळपास त्याच वयात. म्हणजे आपला हात कुठे आहे, हे स्नायू आणि सांधे मेंदूला कळवत असतात. पाळण्यावरच्या चिमण्यांकडे झेपावणाऱ्या तीन-चार महिन्यांच्या बाळाचा नेम चुकतो, तरी सराव चालूच असतो.

पुढे सहाव्या महिन्याच्या सुमारास खुळखुळा या हातातून त्या हातात जातो आणि पकड करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याकडे सरकते. माझ्या मते मात्र खरी अवघड गोष्ट धरणे नसून सोडणे आहे. बोटे ठरवून, हवी तेव्हा उघडण्याचे कसब बहुधा दहाव्या महिन्यानंतर येते, म्हणून वाटी दहा वेळा खाली टाकणारे बाळ खोडकर नसते. ते नव्याने जमू लागलेले काम पुन्हा पुन्हा करून पाहत असते.

चिमटीत आलेली प्रत्येक गोष्ट या वयात थेट तोंडात जाते. तूर, हरभरा, शेंगदाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यामुळे सराव मऊ भाताच्या शितांवर होऊ द्यावा आणि सूप ओट्यावर उचलून ठेवावे.