‘दिलेली माणसे’ : नथीनीमांची पार्श्वभूमी

बायबलमध्ये बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांच्या ज्या याद्या आहेत, त्यांत याजक, लेवी (मंदिरसेवेसाठी नेमलेले कुळ), गायक आणि द्वारपाळ यांच्या मागोमाग नथीनीम येतात. काही भाषांतरांत हा शब्द तसाच ठेवलेला आढळतो, तर काहींत ‘मंदिराचे सेवक’ असे म्हटलेले असते. मूळ इब्री धातूचा अर्थ ‘देणे’ असा असल्याने नथीनीम म्हणजे ‘दिलेली माणसे’.

हे लोक म्हणजे गिबोनीच, म्हणजे कनान देशातील गिबोन नगराचे रहिवासी, असा समज रूढ आहे. बुरसटलेल्या भाकरी आणि फाटके बुधले दाखवून त्यांनी इस्राएलाशी करार पदरात पाडून घेतला आणि पुढे लाकूडतोडे व पाणके म्हणून वेदीच्या कामाला लागले, ही कथा यहोशवाच्या ग्रंथात आहे. एज्राच्या ग्रंथात मात्र दावीद राजा आणि सरदार यांनी नथीनीम लेव्यांच्या सेवेसाठी नेमून दिले, असे म्हटले आहे. या दोन गटांची सांगड बायबलमध्ये कुठेही थेट घातलेली नाही. ती नंतरच्या यहुदी परंपरेने घातली. याद्यांत मऊनीम, नफूसीम अशी परक्या टोळ्यांची नावे येतात, त्यामुळे युद्धकैद्यांचे वंशजही त्यांत असावेत, हा तर्क अधिक पटतो.

खरा गुंता ‘दिलेला’ या शब्दाचा आहे. गणनेच्या ग्रंथात लेवी हे पहिला प्रमुख याजक अहरोन याला ‘दिलेले’ आहेत असे सांगताना हाच धातू वापरला आहे, आणि एज्राच्या आठव्या अध्यायात एके ठिकाणी तर इब्री हस्तलिखितांत नथीनीमांसाठी लिहिलेला शब्द लेव्यांसाठी वापरलेलाच आहे, परंपरेने मोठ्याने वाचायचा ठरवलेला शब्द तेवढा वेगळा. तरीही लेव्यांचे ‘दिले जाणे’ हा मान आणि नथीनीमांचे ‘दिले जाणे’ ही गुलामी, असे अर्थ सर्रास लावले जातात. हा भेद शब्दात नाही, तो वाचणाऱ्याने कुळ पाहून केलेला आहे.

परंपरागत कालगणनेनुसार इ.स.पू. ४५८ मध्ये याजक व शास्त्री एज्रा बाबेलहून यरुशलेमला निघाला. अहवा नदीकाठी तीन दिवस तळ टाकून त्याने लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांत एकही लेवी नव्हता. कासिफ्या या ठिकाणी माणसे धाडल्यावर ३८ लेवी आले आणि त्यांच्याबरोबर २२० नथीनीम आले. त्या सर्वांची नावे नोंदली होती, असे ग्रंथ आवर्जून सांगतो. ज्यांना मानाची सेवा होती त्यांना बोलावून आणावे लागले आणि ज्यांच्या वाट्याला कष्टाचे काम होते ते पाचपटींहून अधिक संख्येने आले, याकडे आजवर फारच कमी लक्ष गेले आहे. याजक आणि लेवी यांच्याप्रमाणे त्यांनाही कर व जकात माफ करण्याचा पारसी राजाचा हुकूम होता.

यरुशलेमचा तट पुन्हा बांधणारा सुभेदार नहेम्या याच्या काळात ते शहरातील ओफेल टेकडीवर, पाणवेशीसमोर राहत होते. परक्या लोकांशी सोयरीक करणार नाही, ही शपथ घेणाऱ्यांतही त्यांची गणना आहे. पुढे इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात मात्र त्यांच्याशीच विवाह निषिद्ध ठरलेला दिसतो. ज्या शपथेने ते इस्राएलाच्या बाजूला उभे राहिले होते, तिची या नियमात कसलीही दखल नाही. मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदमधील एका मतानुसार ही बंदी घालणाराही दावीदच होता.