गुलाबी गेम आणि डोळ्यातला उजेडाचा हिशेब

गेम महिलांसाठी आहे म्हटले की रंग गुलाबी, हे समीकरण मोबाइल गेमच्या व्यवसायात चांगलेच मुरले आहे. फिकट गुलाबी पार्श्वभूमी, लव्हेंडर रंगाची बटणे, कडेला फुलांची वेल आणि सगळ्यावर मंद चमक, एवढे जमले की 'बायकांची स्टाइल' तयार झाली असे मानले जाते. कारण विचारले तर आवडीचा दाखला मिळतो आणि आवडीच्या पाठीशी थेट उत्क्रांती उभी केली जाते. माझा आक्षेप गुलाबी रंगावर नाही. आवडीनिवडीवर तासभर चर्चा होते, पण सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावरची वस्तू डोळ्याला दिसते कशी, हा प्रश्न बाजूला राहतो, यावर आहे.

उत्क्रांतीचा दाखला बहुधा २००७ सालच्या एका शोधनिबंधातून येतो. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठातील अन्या हर्लबर्ट आणि याझू लिंग यांनी ब्रिटिश आणि चिनी स्त्रीपुरुषांची रंगांची पसंती तपासली, तेव्हा स्त्रियांचा कल किंचित तांबूस छटांकडे आढळला. निळसर छटा मात्र दोघांनाही आवडत होत्या, आणि आदिमानव काळात स्त्रिया पिकलेली फळे वेचत असल्यामुळे असा कल आला असावा, हा लेखकांचा केवळ तर्क होता. बातम्यांनी त्या तर्काचा निष्कर्ष करून टाकला. पुढे २०१३ साली नामिबियातील हिंबा लोकांमध्ये रंगपसंती तपासली गेली, तेव्हा हा नमुना तिथे सापडला नाही. त्यासाठी खरे तर नामिबियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. नवरात्रात सकाळी ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहिल्यास एके दिवशी राखाडी, दुसऱ्या दिवशी मोरपंखी साड्या आणि कुर्ते दिसतात, ते वर्तमानपत्रात छापलेल्या यादीमुळे आणि मैत्रिणींच्या संगतीमुळे. त्या यादीला ग्रहांचे आणि 'कंपनांचे' शास्त्र चिकटवणारे संदेश फिरतात, त्यांना जितका आधार आहे तितकाच जनुकांत कोरलेल्या गुलाबी आवडीला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन सारखे तुकडे जुळवण्याच्या खेळांत स्त्रियांचे प्रमाण खरोखरच मोठे आहे. क्वांटिक फाउंड्री या संस्थेने २०१७ साली सुमारे २ लाख ७० हजार खेळाडूंच्या उत्तरांवरून ते ६९ टक्के असल्याचे सांगितले होते. अशा खेळात डोळ्याचे काम एकच असते, ते म्हणजे शोधणे. कँडी क्रश या अशाच खेळात रंगीत गोळ्या जुळवायच्या असतात, त्याच्या पटावर जास्तीत जास्त नऊ स्तंभ असतात, म्हणजे साधारण फोनवर एका गोळीची रुंदी साडेसात मिलिमीटरच्या आसपास येते. फोन पस्तीस सेंटिमीटरवर धरला तर ती गोळी डोळ्यापाशी सुमारे सव्वा अंशाचा कोन करते. दृष्टिपटलाचा अत्यंत बारीक पाहणारा मध्यभाग जेमतेम दोन अंशांचा असतो. त्यामुळे एका क्षणी एखाद-दुसरी गोळीच नीट दिसते आणि उरलेला पट नजरेच्या कडेला पडतो. कडेच्या नजरेबद्दल हर्मन बाउमा यांनी १९७० साली मांडलेला ठोकताळा असा, की वस्तू नजरेच्या केंद्रापासून जितकी दूर असेल, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत शेजारी वस्तू आल्या तर तपशील एकमेकांत मिसळतात. चार घरे पलीकडच्या गोळीसाठी हे अंतर दोन घरांचे होते, म्हणजे तिच्यावरची नाजूक नक्षी कलाकाराने कितीही जीव ओतून काढली असली तरी तिथे वाया जाते. उरतो तो ठळक आकार आणि उजेडाचा फरक. कँडी क्रशमधील सहाही रंगांच्या गोळ्यांचे आकार वेगवेगळे ठेवले आहेत, लाल लांबट, हिरवी चौकोनी, निळी गोल, ते उगीच नाही.

उजेडाचा फरक हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे, आणि इथे वाचकाने थोडा धीर धरावा. डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांची संवेदनशीलता साधारण ५६०, ५३० आणि ४२० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते. मात्र मेंदूकडे तीन रंगांचे तीन निरोप जसेच्या तसे जात नाहीत. पहिल्या दोन प्रकारांची बेरीज होऊन उजळपणाचा संकेत बनतो, त्याच दोघांच्या वजाबाकीतून तांबडे-हिरवेपण ठरते, आणि तिसऱ्या प्रकाराची तुलना पहिल्या दोघांच्या बेरजेशी होऊन निळे-पिवळेपण ठरते. बारीक कडा, अक्षरे आणि हालचाल ही कामे मुख्यतः बेरजेच्या वाटेने होतात. उजळपणातील बारीक पट्टे आपल्याला एका अंशात उजळ-गडद पट्ट्यांच्या पन्नासेक जोड्यांपर्यंत वेगळे दिसू शकतात, पण उजळपणा सारखा ठेवून केवळ लाल-हिरव्याचे पट्टे काढले तर दहा-बारा जोड्यांच्या पुढे ते एकजीव होतात. जेपीईजी फोटोंमध्ये रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने साठवली जाते आणि आपल्या ते लक्षातही येत नाही, याचे कारण हेच. रांगोळीत पांढरी रेघ रूप ठरवते आणि रंग मागाहून भरला जातो, मेंदूचा क्रमही साधारण तसाच आहे.

या बेरजेत सर्व रंगांना सारखा मान नसतो. पडद्यावरील रंगाचा उजळपणा काढताना हिरव्या प्रकाशाला सुमारे ७२, तांबड्याला २१ आणि निळ्याला अवघे ७ टक्के वजन दिले जाते. आता मघाच्या 'बायकांच्या स्टाइल'ला हा हिशेब लावू. संगणकावर ज्यांना प्रमाणित 'पिंक' आणि 'लव्हेंडर' म्हणतात, त्यांचा सापेक्ष उजळपणा, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ धरून, अनुक्रमे सुमारे ०.६३ आणि ०.८० येतो. वेब-मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सूत्राप्रमाणे दोन्हींमध्ये ०.०५ मिळवून भागाकार केला, की गुणोत्तर मिळते १.२५. त्याच संस्थेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक नियमांनुसार आयकॉन आणि बटणांसारख्या चित्रघटकांचे आजूबाजूच्या रंगाशी गुणोत्तर किमान ३ असावे. लव्हेंडरवर गुलाबी गोळ्या ठेवणारा कलाकार रंग दोन वापरतो, पण डोळ्याच्या उजेडाच्या वाटेला जवळजवळ एकच पाठवतो.

आणि हा हिशेब अंधाऱ्या खोलीतला आहे. ठाण्याहून सकाळी वाशीकडे निघालेल्या लोकलमध्ये डावीकडच्या खिडकीतून पूर्वेचे ऊन येते, आणि संध्याकाळी परतताना पश्चिम पुन्हा डावीकडेच येते. महिलांच्या डब्यात त्या बाजूला बसून खेळणाऱ्या बाईच्या फोनवर काय घडते ते पाहू. उजळ गोळी ३०० एकक आणि तिच्यामागचा पट १०० एकक प्रकाश देत असेल तर गुणोत्तर ३ आहे. काचेवरून परावर्तित झालेले ऊन दोन्हींवर सारखेच ३०० एकक चढले, की ६०० भागिले ४००, म्हणजे दीड. जिथे सुरुवातच सव्वाने झाली होती तिथे काही उरतच नाही, आणि ऐरोली येईपर्यंत ती बाई पडद्यावर हाताची सावली धरून खेळत असते.

स्त्रीपुरुषांच्या दृष्टीत खरा फरक आहे, पण तो आवडीचा नव्हे. तांबडे-हिरवेपण ठरवणाऱ्या पहिल्या दोन प्रकारच्या शंकुपेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो, कारण त्यांच्याकडे एक्स एकच असतो. स्त्रीला दोन्ही एक्स सदोष मिळाले पाहिजेत, म्हणून ०.०८ गुणिले ०.०८, म्हणजे ०.६४ टक्के, असे उत्तर यायला हवे. प्रत्यक्षात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, कारण एका एक्सवर तांबड्याचा आणि दुसऱ्यावर हिरव्याचा दोष आला तर दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात आणि त्या स्त्रीला सर्व रंग दिसतात. असा एक दोष वाहून नेणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यात तीनऐवजी चार प्रकारच्या शंकुपेशी असू शकतात, आणि त्यावरूनच 'स्त्रियांना कोट्यवधी जास्त रंग दिसतात' अशी अतिरंजित विधाने निघाली. २०१० साली गॅब्रिएल जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी असा एक दोष वाहून नेणाऱ्या २४ स्त्रिया तपासल्या, आणि चौथ्या प्रकारच्या शंकुपेशीचा लाभ खात्रीने घेणारी त्यांत एकच सापडली.

माझ्या मते कलाकाराने लिंगापेक्षा वयाचा विचार अधिक करावा. या खेळांत रमणाऱ्या अनेक जणींनी चाळिशी लावलेली असते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा-जांभळा प्रकाश शोषते, त्यामुळे फिकट निळ्या-जांभळ्या छटांमधला आधीच क्षीण असलेला फरक आणखी पुसट होतो.

गुलाबीला हद्दपार करण्याचे मात्र कारण नाही. पैठणीच्या दुकानात 'राणी कलर' म्हणून मिळतो तो गडद गुलाबी पटाला द्यावा आणि तुकडे मलईच्या रंगाचे करावेत, गुणोत्तर सहाच्या पुढे जाते. जाणते कलाकार आधी सर्व तुकडे राखाडी छटांत बसवतात, डोळे किलकिले करून ते वेगळे ओळखू येतात का ते पाहतात, आणि मगच रंगाला हात घालतात. आपल्या आवडत्या गेमची ही परीक्षा घरी घेता येते. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये पडदा कृष्णधवल करण्याची सोय असते, ती चालू करून एक पातळी खेळून पाहावी, आणि जमल्यास खिडकीपाशी बसून.